वहीवर वही

१२ मार्च २०२४ रोजी आमच्या कंपनीने जीएसटीसह ४,८६,१६० रुपये मोजून एक नवा सर्व्हर घेतला. कंपनीचा हिशेब मी बघतो, त्यामुळे बिल माझ्याच टेबलावरून गेले. खरेदीचे कारण या रकान्यात आल्हाद बिवलकरने लिहिले होते, ‘जुन्या मशीनचे स्टोरेज मंद आहे.’ हे वाक्य खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. आल्हादची बहुतेक वाक्ये अशीच असतात, आणि त्यांवर तो बारा वर्षे पगार घेत आला आहे.

आमची कंपनी म्हणजे भिवंडीजवळच्या राहनाळची सहा गोदामे आणि त्यांच्या तोंडाशी एक गेट. लोकांचा माल आम्ही ठेवून घेतो आणि त्यांनी सांगितले की ट्रकमध्ये भरून देतो. ट्रक बाहेर पडायला गेटपास लागतो. गेटवरच्या कॉम्प्युटरवर मालाचे नाव, नग आणि गाडीचा नंबर भरायचा, बटण दाबायचे; साठ्यातून तेवढे नग वजा होतात आणि पास छापून बाहेर येतो. धंदा या एका कागदावर चालतो. कागद अडला की ट्रक अडतो, आणि ट्रक अडला की माल ठेवणाऱ्याचा फोन येतो.

आल्हाद आमचा सिस्टीम मॅनेजर. भिवंडीच्या ब्राह्मण आळीत राहणारे हरी मास्तर बिवलकर यांचा हा एकुलता मुलगा. घरी पाहुणे आले की मास्तर त्याला स्टुलावर उभा करून पाढे म्हणायला लावत. पाहुणे वा वा म्हणत आणि खाऊ देत. आल्हाद आता अडतीस वर्षांचा आहे, पण तो त्या स्टुलावरून उतरल्याचे मला कधी दिसले नाही. त्याला काम करण्यापेक्षा शाबासकी मिळवणे सोपे वाटते, आणि एकदा मिळालेली शाबासकी परत करावी लागेल असे काहीही तो करत नाही.

गळ्यात निळ्या फितीचे ओळखपत्र, हातात स्वतःची पाण्याची बाटली, बसायला काचेची केबिन. केबिनला एसी आहे. तो सर्व्हरसाठी आहे असे आल्हाद सांगतो. सर्व्हर केबिनच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटात आहे आणि कपाटाचे दार बंद असते. एसीचे तोंड आल्हादच्या खुर्चीकडे आहे.

त्या सर्व्हरच्या पोटात तीन मशिनी आहेत: एक हिशेबाची, एक साठ्याची, एक हजेरीची. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकीला वाटते की आपल्याला स्वतंत्र डिस्क आहे; प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे सर्व्हरवरची एक मोठी फाइल असते. ही व्यवस्था चांगली आहे. नीट ठेवली तर एका लोखंडात तीन संसार सुखाने चालतात. ठेवणारा आल्हाद होता.

आता दौलतशेठ. दौलतशेठ पाटील आमचे मालक. वडिलांची भातगिरणी होती, ती मोडून आणि शेते बुजवून त्यांनी गोदामे बांधली. गिरणीच्या जुन्या वह्या मात्र त्यांनी जपल्या आहेत. दर लक्ष्मीपूजनाला त्या माळ्यावरून खाली येतात, पाटावर एकीवर एक रचल्या जातात आणि नवी वही सगळ्यांच्या वर ठेवून हळदकुंकू वाहिले जाते. जुनी वही शेठ कधी रद्दीत देत नाहीत. पूजेच्या दिवशी त्या थराला हात लावून ते म्हणतात, “ही आमची माती हाय.”

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाला शेठनी पूजा आटोपल्यावर कपाटातल्या सर्व्हरकडे बोट दाखवले.

“सगला माल ह्या डब्यात लिवलेला हाय ना? मंग ह्या डब्याची वही कुठं हाय?”

शंका बरोबर होती. उत्तर साधे होते: रोजची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क कपाटाबाहेर ठेवायची. हिशेबाच्या मशीनची नक्कल अशीच ठेवली जाते. पण त्यात वाहवा होण्यासारखे काही नव्हते. आल्हाद पुढे झाला आणि म्हणाला, “शेठ, मशीनचीही वही ठेवतो. दर शनिवारी एक. जुनी खाली, नवी वर. अगदी तुमच्या पाटावर आहे तशीच.”

“आनी जुनी पुसायची न्हाय.”

“एकही नाही, शेठ.”

शेठचे डोळे पाणावले. त्यांनी आल्हादला चांदीचे नाणे दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बगा भाऊ, शिकलेला मानूस आसा पायजे.”

त्या शनिवारपासून आल्हाद संध्याकाळी साठ्याच्या मशीनची नक्कल घेऊ लागला. एक बटण दाबायचे, चार मिनिटे थांबायचे, शेठना फोन करायचा: “वही बसली.” पुढे जे झाले ते याच नकलांनी केले, आणि ते आल्हादशिवाय कोणालाही कळण्याचा मार्ग नव्हता.

गेटवर सोनल होती. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका पाड्यातली. भिवंडीच्या कॉलेजातून बी. कॉम. केलेली, रोज एसटीने येणारी. आई मंगळी दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते, काम असेल तेव्हा. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार एवढा सोनलचाच. मुलगी कामाला चोख आणि जिभेला तिखट. गेटवर त्याशिवाय निभावत नाही.

त्या हिवाळ्यापासून पास अडू लागले. सोनल बटण दाबी आणि पडद्यावर एक छोटी चक्री फिरत बसे. आधी काही सेकंद, मग अर्धा मिनिट, मग मिनिट. आल्हादने आधी नेटवर्कला दोष दिला आणि वायर बदलली. मग प्रिंटर बदलला. मग सर्व्हरला रॅम घातली. शेवटी सर्व्हरच बदलला, त्याचे बिल वर आलेच आहे. नव्या सर्व्हरवर पास दोन-अडीच महिने बरे चालले, शेठनी पेढे वाटले, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी चक्री परत आली. ऑगस्टमध्ये ती तीन-तीन मिनिटे फिरत होती. ट्रकांची रांग गेटमधून रस्त्यावर आणि रस्त्यावरून अंजूरच्या वळणाकडे जाऊ लागली. एका साबणाच्या कंपनीने लिहून कळवले की असेच चालले तर आम्ही माल दुसरीकडे हलवू.

शेठनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावले. आल्हादकडे बदलण्यासारखी एकही वस्तू आता उरली नव्हती. म्हणून त्याने माणूस काढला.

“शेठ, मशीन टॉप क्लास आहे. इश्यू ऑपरेटरचा आहे. पाड्यातली मुलगी, सवय नाही, टायपिंग स्लो. दहा बोटं असलेला कोणीही हे काम निम्म्या वेळात करेल.”

सोनल दारात उभी होती.

“सर, मी बटण दाबते. त्याच्यापुढं चक्री फिरते. चक्री काय मी फिरवते?”

“बघा शेठ,” आल्हाद हसून म्हणाला, “वर आर्ग्युमेंट.”

शेठना चार लाख शहाऐंशी हजारांच्या डब्यापेक्षा बारा हजारांची मुलगी चुकीची ठरवणे स्वस्त पडत होते. त्यांनी तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितले. मी विचारले, “मग सोमवारी गेटवर कोण?” एजन्सीकडून नवीन माणूस यायला आठ-दहा दिवस लागणार होते. शेठनी केबिनभर नजर फिरवली आणि ती आल्हादवर थांबली.

“दहा बोटं पायजेत म्हनतोस ना? तुझी तर बारा आसतील, एवढा शिकलायस. तूच बस.”

“शेठ, मी? म्हणजे माझं इथलं काम...”

“इथलं काम डबा करतो. तूच म्हनतोस, टॉप क्लास हाय.”

सोनल जाताना माझ्या टेबलाशी आली. कामावरून काढल्याचे पत्र कधी मिळेल, असे तिने विचारले. मी सांगितले की पत्र अजून टाइप झालेले नाही, घाई करू नकोस.

“घाई मना न्हाय साहेब. आईला काय सांगू त्याची हाय. तिनं सगल्या पाड्यात सांगून ठेवलंय, माजी पोरगी काम्पुटरवर हाय. आता काय सांगू, काम्पुटर माज्यावर हाय?”

सोमवारी आल्हाद गेटच्या पत्र्याच्या खोपटात बसला. तिथे एसी नाही. पहिला ट्रक रामनाथ नावाच्या ड्रायव्हरचा, जौनपूरचा, दहा वर्षे भिवंडीत घालवलेला आणि कोणाला न भिणारा. आल्हादने झरझर टाइप केले, दिमाखात बटण दाबले, आणि चक्री फिरू लागली. रामनाथने खिडकीतून आत डोकावले.

“मैडम कहाँ है?”

“मैडम नहीं है. मैं हूँ. दो मिनट.”

दोन मिनिटे झाली. मागून हॉर्न सुरू झाले.

“भैया, पर्ची दे रहे हो या शादी का कार्ड छपवा रहे हो?”

“सिस्टम स्लो है.”

“मैडम थी तब मैडम स्लो थी. अब सिस्टम स्लो है. कल बोलोगे ट्रक स्लो है.”

मागचे ड्रायव्हर उतरून आले. दुपारपर्यंत खोपटाभोवती घोळका जमला. मराठी ड्रायव्हर मराठीत आणि हिंदी ड्रायव्हर हिंदीत आल्हादची चौकशी करू लागले. कोणी विचारले, लग्न झालंय का. कोणी म्हणाला, झालं असेल तर बायको अजून मंगलाष्टकं संपायची वाट बघत असेल. आल्हाद घामाने निथळत होता. त्यांना गप्प करायला त्याने समोरच्या पार्वतीबाईच्या टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला. “गेटच्या खात्यावर लिहा,” म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर ते पुन्हा बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी तो घरून स्वतःचा कीबोर्ड घेऊन आला. जाड बटणांचा, महागाचा, दर बटणाला खट असा आवाज करणारा. अजून त्याला शेठसमोर हेच दाखवायचे होते की दोष गेटवरच्या वस्तूंचा आहे. खटखट लांबपर्यंत ऐकू येत होती आणि चक्री तेवढीच फिरत होती.

“ओ कोर्टवाले,” एक ड्रायव्हर ओरडला, “स्टँप पेपर किती रुपयाचा?”

बुधवारी शेठची स्वतःची गाडी रांगेत अडकली. शेठ उतरले आणि उन्हातून चालत गेटपर्यंत आले. मी मागोमाग गेलो. शेठ खिडकीशी उभे राहिले आणि एक पूर्ण पास निघेपर्यंत मनगटावरचे घड्याळ बघत राहिले.

“काय रं, तुझी पन बोटं मंद हायेत?”

“शेठ, म्हणजे... स्टोरेजचा थोडा इश्यू आहे.”

“पोरगी मंद व्हती म्हनालास.”

“ते पण होतं शेठ. दोन्ही कारणं होती.”

एवढे उन्हात भाजून, तीन दिवस लोकांच्या शिव्या खाऊनही त्याला ते दुसरे कारण सोडवत नव्हते. शेठ माझ्याकडे वळले.

“भाऊ, ह्याला डबा नीट करायला रविवारचा दिस द्या. सोमवारी त्या पोरीला बोलवा. त्याच डब्यावर, त्याच बोटांनी काम करू दे तिला. चक्री फिरली तर पोरगी मंद, गेली घरी. न्हाय फिरली तर ती कायमची, आनी मी ह्याच्याकडं बगतो.”

म्हणजे सोनलची नोकरी राहायची की नाही ते आता आल्हादने रविवारी काय केले त्यावर होते. त्याने मनावर घेतले नसते तर ती गेली असती आणि तो मोकळा झाला असता. मला भीती तीच होती. पण मग एजन्सीचा माणूस येईपर्यंत गेटवर पुन्हा त्यालाच बसावे लागले असते. आल्हादने सोनलची बाजू घेतली ती या कारणासाठी.

रविवारी सकाळी तो आला. सर्व्हरला एक कोरी डिस्क जोडायची होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मीही गेलो. त्याने आधी साठ्याची मशीन बंद करून तिच्या सगळ्या फाइली त्या डिस्कवर उतरवल्या. मग पडद्यावर एक लांब यादी उघडली. चाळीसच्या आसपास शनिवार, एकाखाली एक.

“हे काय?” मी विचारले.

“स्नॅपशॉट. त्या वह्या.”

“आणि या वह्यांमुळे मंद?”

त्याने सांगितले ते असे. शनिवारी बटण दाबले की आधीची डिस्क-फाइल गोठते. पुढच्या आठवड्याचे बदल तेवढे एका नव्या फाइलीत लिहिले जातात. पुढच्या शनिवारी तीही गोठते आणि तिसरी सुरू होते. एखाद्या साबणाचे नग किती, असे मशीनने विचारले की आधी सर्वांत वरची फाइल चाळायची, तिथे नाही म्हणून खालची, तिथे नाही म्हणून तिच्या खालची. एका नोंदीसाठी अशा शेकडो चौकश्या. नवा सर्व्हर आणला तेव्हा आल्हादने हा सगळा थर जसाच्या तसा उचलून त्यावर ठेवला होता. सर्व्हर वेगवान होता म्हणून दोन-अडीच महिने भागले.

“कोणत्याही नवशिक्याला सांगतात,” तो म्हणाला, “की स्नॅपशॉट दोन-तीन दिवसांच्या वर ठेवायचा नाही. काही बदल करायच्या आधी घ्यायचा, बदल नीट झाला की विलीन करून टाकायचा.”

“मग तुला हे कधी कळलं?”

“कळलं म्हणजे, माहीतच होतं काका.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

“आणि त्या मुलीला घरी बसवलंस.”

“शेठना मी शब्द दिला होता ना, एकही पुसणार नाही म्हणून. कोणत्या तोंडाने सांगणार?”

मी विचारले की निदान त्या वह्या म्हणून तरी उपयोगाच्या होत्या का. मूळची, सर्वांत खालची फाइल बिघडली असती, तर वरच्या चाळीस नकलांतून साठा परत मिळाला असता का?

“नाही. खालची गेली की वरच्या सगळ्या निकामी.”

“सर्व्हरच जळला असता तर?”

“त्या सर्व्हरवरच आहेत ना.”

म्हणजे शेठ नऊ महिने ज्यांना वह्या समजून समाधानाने झोपत होते, त्या वह्या नव्हत्याच. पूजेच्या दिवशी सुचलेली ती एक उपमा होती आणि तिच्यावर चांदीचे नाणे मिळाले होते.

विलीन करायला जवळजवळ सगळा दिवस गेला. चाळीस फाइलींची एक झाली. मग त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. डिस्कची फाइल गरजेप्रमाणे थोडी थोडी वाढत होती आणि दर वाढीला अडखळत होती. तिला एकदाच पूर्ण आकाराची करून ठेवली. आणि ती डिस्क मशीनला जुन्या पद्धतीने जोडलेली होती, म्हणजे मशीनने बोललेला प्रत्येक शब्द सर्व्हरला आधी भाषांतर करून घ्यावा लागे; त्याऐवजी व्हर्च्युअल मशीनसाठीच केलेली जोडणी निवडली. ही निवड सुरुवातीला एका खिडकीत करायची असते. आल्हादने तेव्हा जे आपोआप आले होते तेच राहू दिले होते.

संध्याकाळी आम्ही एक खोटा पास काढून पाहिला. बटणावरून बोट उचलायच्या आत प्रिंटर हलला.

“हेच जुन्या सर्व्हरवर केलं असतं तर?”

“चाललं असतं.”

“मग तो नवा?”

“नवीन मशीन कधीही चांगलंच ना काका,” आल्हाद म्हणाला, आणि मला त्यात कुठेही थट्टा आढळली नाही.

सोमवारी सोनल आली. शेठ खुर्ची टाकून खोपटाबाहेर बसले होते. तिने गाडीचा नंबर एकदा चुकवला, परत भरला आणि बटण दाबले. पास निघाला. रामनाथ खिडकीशी पोचलाही नव्हता.

“अरे मैडम, इतनी जल्दी? अभी बीड़ी भी नहीं जलाई.”

“बीड़ी बाहर जाके जलाओ, इधर माल है.”

शेठनी दहा-बारा गाड्या जाऊ दिल्या, मग उठले आणि म्हणाले, “राहू दे हिला.” तिच्या काढण्याचे पत्र टाइप करायचे राहून गेले होते, ते कायमचे राहिले. घरी बसलेला आठवडा शेठनी तिच्या रजेत धरायला लावला.

आल्हादकडे बघायचे शेठ विसरले. त्याने त्यांना सांगितले की वह्या आता आणखी पक्क्या जागी ठेवल्या आहेत. कोऱ्या डिस्कवर नकला खरोखरच उतरू लागल्या होत्या, त्यामुळे हे वाक्यही खोटे म्हणता येत नव्हते. दसऱ्याला त्याला शाल आणि नारळ मिळाला. आभाराच्या भाषणात त्याने ‘स्टोरेज सुधारणा प्रकल्प’ असा शब्द वापरला आणि त्या प्रकल्पात गेटवरच्या कर्मचाऱ्यांचेही प्रशिक्षण झाल्याचे सांगितले. सोनल मागच्या रांगेत बसली होती. “माजं प्रशिक्षण म्हंजे घरी बसनं,” ती शेजारणीला म्हणाली, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

आल्हाद अजून त्याच केबिनमध्ये बसतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन तेव्हा निरोपाचे भाषण बहुधा तोच करील.

पार्वतीबाईच्या टपरीवर गेटच्या नावाचे खाते नाही. गेटचे म्हणून जे आहे ते सोनलचे स्वतःचे. ड्रायव्हरांना पाजलेले एकतीस चहा पार्वतीबाईने त्यात लिहिले. सोनलने आल्हादला दोनदा विचारले, दोन्ही वेळा तो “बघतो” म्हणाला. तीनशे दहा रुपये अजून बाकी आहेत.